चाळणीवर उरलेलं

"फिकट म्हणजे रिकामं नव्हे," असं उजेडराव एकदा म्हणाले होते, आणि तेव्हा समोर होता तो नुसता चहाचा कप.

त्या काळी त्यांना कुणी उजेडराव म्हणत नसे. हॉस्पिटलच्या एक्स-रे खात्यात नव्यानं लागलेला, खांदे जरा पुढे झुकलेला, बोटांवर औषधाचे पिवळे डाग पडलेला एक पोरगेला माणूस, एवढीच त्यांची ओळख होती. पुढे जी त्यांची बायको झाली, तिच्या वडिलांचं मनगट मोडलं होतं आणि खात्यात विसरून राहिलेली फिल्म पोचवायला ते घरी आले होते. चहा तिनं केला. घाईघाईत केला, त्यामुळे पाण्यासारखा झाला. शेजारी मावशी बसलेली. तिच्या जिभेला हाड नव्हतं. कपात डोकावून ती म्हणाली, "अगं, हा चहा आहे की चहाची नुसती आठवण?" चहा करणारी लाजून अर्धी झाली. तेव्हा पाहुणा खाली मान घालून ते वाक्य बोलला, आणि वर आणखी अर्धा कप मागून घेतला.

तो गेल्यावर मावशी म्हणाली, "हा मुलगा एक तर फार चांगला आहे, नाहीतर याची जीभ भाजलेली आहे."

लग्नानंतर तिच्या लक्षात आलं, की मावशीचे दोन्ही अंदाज बरोबर होते. भाजीत मीठ नसलं तरी हा माणूस चवीनं जेवायचा.

खात्यातली काळोखी खोली पुढे बंद झाली. औषधाची टाकी गेली, लाल दिवा गेला, ओल्या फिल्म चिमट्यांनी टांगायची दोरी गेली. त्यांच्या जागी कॉम्प्युटर आला. पण खोली अंधारीच राहिली, कारण पडद्यावरचा करडा रंग नीट दिसायला भोवती काळोख लागतो. दिवसभर अंधारात बसून लोकांच्या हाडांवर उजेड पाडणारा म्हणून कुणीतरी थट्टेनं उजेडराव म्हटलं आणि ते नाव अंगावर शर्ट बसावा तसं बसलं. त्यांनीही कधी कुरकूर केली नाही. फोनवर कुणी विचारलंच, तर घरातूनही उत्तर जायचं, "उजेडराव अंघोळीला गेलेत."

त्यांचं काम काय, हे तिला बरीच वर्षं कळलं नव्हतं. एकदा ती पीठ चाळत होती आणि ते ओट्याला टेकून उभे होते. तिनं सहज विचारलं, "अहो, तुम्ही त्या फोटोंना नेमकं करता तरी काय? कुणी विचारलं तर मी सांगते, माझा नवरा काळ्यावर पांढरं करतो."

ते हसले. "तू आत्ता करते आहेस तेच करतो. चाळतो."

मग त्यांनी तिला समजावून सांगितलं. एक्स-रेचं चित्र म्हणजे करड्या रंगाचा एकच ढीग. त्यात मोठं असतं तसं बारीकही असतं, जाड हाड असतं तशी केसाएवढी चीरही असते. सगळा ढीग एकदम उजळला, तर आधीच उजळ असलेलं पांढरंफटक होतं आणि दबलेलं तसंच राहतं. म्हणून चित्र आधी जरासं पुसट करायचं. मूळ आणि पुसट यांच्यात जो फरक पडला, तो वेगळा काढून ठेवायचा. तो झाला सगळ्यांत बारीक माल. मग त्या पुसटाला आणखी पुसट करायचं आणि पुन्हा फरक काढायचा. तो झाला मधला माल. असं करत जायचं.

"आणि शेवटी?"

"शेवटी ढग उरतो. आकार नसलेला, नुसता."

"मग एवढा खटाटोप करून ढगच हाती आला की!"

"ऐक ना. आता प्रत्येक चाळणीतला माल वेगळा झाला. ज्या त्या चाळणीत जे दांडगं आहे, त्याला फारसा हात लावायचा नाही. जे दबलंय त्याला उचल द्यायची. आणि मग सगळं पुन्हा एकत्र करायचं. चित्र तेच असतं, पण आता त्यातलं बारीकसुद्धा बोलायला लागतं."

"आणि उचल जास्त झाली तर?"

तेव्हा मात्र ते गंभीर झाले. बारीक चाळणीवर हात जपून ठेवावा लागतो, म्हणाले. तिथं चित्राबरोबर कचराही येतो, यंत्राची खरखर, कागदाचा पोत. कचऱ्याला उचल दिली की कचराही बोलायला लागतो, आणि आपल्याला जे ऐकायचं तेच बोलतो. म्हणून एकाच चाळणीत दिसलं तर विश्वास ठेवायचा नाही. खरं असेल ते शेजारच्या चाळणीतही थोडं तरी सापडतं.

तिनं चाळणी उलटी करून ठकठक आपटली. मनात म्हणाली, हा माणूस घरातही हेच करतो. चार माणसं जमली, तिचा भाऊ नेहमीसारखा घसा ताणून बोलायला लागला, की उजेडराव हळूच हात वर करायचे. "थांबा हं, ती काहीतरी म्हणाली." ती म्हणजे लेक. लहानपणी लेक तोंडातल्या तोंडात बोलायची. भाऊ तोंडावर हात ठेवून गप्प व्हायचा, सगळं घर त्या पोरीकडे बघायचं, आणि पोर हळू आवाजात सांगायची की तिला पाणी हवंय.

घरातली एकच गोष्ट त्यांनी कधी वर काढली नाही.

लेकीच्या आधी एक बाळ होतं. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली, तेव्हा तळहाताएवढा कागद मिळाला. पंख्यासारखा उघडलेला एक काळा आकार आणि त्यात करडं काही. डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवून डोकं दाखवलं, पाठ दाखवली. सहाव्या महिन्यात सगळं आटोपलं. हॉस्पिटलमधून दोघं रिकाम्या हातानं घरी आली. तिनं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवला. उजेडरावांनी तो कुठाय असं एकदाही विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. दुपारी घर रिकामं असलं की ती कधीतरी कागद बाहेर काढायची, पलंगाच्या कडेला बसायची, चार बोटं खाली आणि अंगठा वर असा धरायची, थोडा वेळ बघायची, ठेवून द्यायची. रडणं वगैरे पहिल्या काही वर्षांतच संपलं. नंतर नुसतं धरून बसणं उरलं.

लेक मोठी झाली, लग्न झालं, आणि एका संध्याकाळी नवऱ्याला घेऊन आली ती स्वतःचा सोनोग्राफीचा फोटो घेऊनच. फोनवरच होता तो, पण काय स्पष्ट! कपाळ, नाक, हनुवटी, सगळं एका रेषेत.

"नाक बाबांचं आहे," लेक म्हणाली.

"अरे देवा," जावई म्हणाला. "म्हणजे पोटातच चष्मा लागणार."

"आणि जीभ माझ्या मावशीची नसली म्हणजे मिळवली," ती म्हणाली, आणि सगळे हसले. उजेडराव फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिले. "सुंदर काढलाय," एवढंच म्हणाले.

सगळे गेल्यावर तिनं कपाट उघडलं. कितीतरी महिन्यांत कागद काढला नव्हता. आता काढला तर त्यावर काही नव्हतं. पंख्याची कड पुसट दिसत होती, आत सगळं पातळ दुधासारखं. तिनं खिडकीशी नेऊन पाहिला, तिरका करून पाहिला. एवढी वर्षं सांभाळलं आणि ते आपल्या हातात असतानाच निघून गेलं, आपल्याला कळलंसुद्धा नाही.

उजेडराव चष्मा पुसत बसले होते. तिनं कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो लगेच ओळखला, हे तिला त्यांच्या थांबलेल्या हातावरून कळलं.

"याचं काही होईल?" तिनं विचारलं.

त्यांनी हात लावला नाही. वाकून बघितलं. "या कागदाला शाई नसते," म्हणाले. "उष्णतेनं उमटतो. ऊन लागलं, प्लॅस्टिकमध्ये राहिला, हाताचं तेल लागलं, की विरत जातो. त्या वेळचं मशीनही आता नाही, नाहीतर त्यातून मिळालं असतं."

"म्हणजे गेलं?"

ते आणखी खाली वाकले. मग म्हणाले, "फिकट म्हणजे..." आणि वाक्य पुरं केलं नाही. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये कागद ठेवला आणि दुसऱ्या दिवशी घेऊन गेले.

त्यानंतर तिचा जीव टांगणीला लागला. ते घरी आले की ती आधी त्यांच्या हाताकडे बघायची. "आज?" "उचल देतोय," ते म्हणायचे. काम संपल्यावर मागे थांबून करत होते. त्यांच्यासारखा सावकाश माणूस जेवताना घाई करायला लागला, झोपेत कूस बदलायला लागला. एकदा ती न राहवून म्हणाली, "नसेल होत तर राहू द्या. मी काही रुसणार नाही."

"होईल," ते म्हणाले. असं खात्रीचं बोलणं त्यांच्या तोंडून तिनं क्वचितच ऐकलं होतं.

आणि एके दिवशी ते दारातूनच बोलत आत आले. बूटही काढले नाहीत. "अगं, इकडे ये. दिवा लाव. नाही, राहू दे, खिडकीशी ये." मोठ्या कागदावर छापून आणलं होतं. करड्या पार्श्वभूमीवर एकाशेजारी एक अशा बारीक वळणदार रेघा, एकाच दिशेनं वाकलेल्या, जवळजवळ पण एकमेकींना न चिकटणाऱ्या. आणि त्यांच्यावरून तिरकी गेलेली एक उजळ पट्टी.

"बरगड्या," उजेडराव म्हणाले. "डोकं नाही आलं. पण बरगड्या बघ कशा आल्यात. आणि ही पट्टी, हा हात असणार. छातीवर आडवा ठेवलेला. मी झोपतो ना, तसा."

तिला बरगड्या दिसल्या, हातही दिसला. ती खाली बसली आणि पदरानं नाही, हातानं नाही, कशानंच न पुसता तसेच वाहू दिलेल्या डोळ्यांनी बघत राहिली. ते तिच्या शेजारी बसले आणि बोलायला लागले. इतकी वर्षं न बोललेलं बोलायला लागले. त्या दिवशी घरी येताना रिक्षात त्यांना तिच्याकडे बघवलं नव्हतं, ते. बाळाला त्यांनी मनात एक नाव ठेवलं होतं, ते. काळोख्या खोलीत लहान मुलांच्या छातीची फिल्म धुताना प्रत्येक वेळी लाल दिव्याकडे बघत राहायचे, ते. तिनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

चित्र फ्रेम होऊन पलंगाजवळच्या फळीवर गेलं. लेक आली तेव्हा बराच वेळ त्याच्यापुढे उभी राहिली. "आई, हा दादा का गं?"

"दादा किंवा ताई."

"हात बघ कसा ठेवलाय. शहाण्यासारखा."

"बाबांवर गेलंय," ती म्हणाली.

मग ते झालं. ती फळी पुसत होती. हात ओला होता, कणकेचा. फ्रेम उचलताना काचेवर अंगठा उमटला. पुसायला फडकं नेलं आणि हात तिथंच थांबला. काचेवरच्या कणकेच्या ठशात बारीक वळणदार रेघा होत्या, एकाच दिशेनं वाकलेल्या. आणि त्यांच्यावरून तिरकी गेलेली एक पट्टी. लहानपणी डब्याच्या पत्र्यानं तिचा अंगठा चिरला होता. ती खूण तिच्याबरोबर वाढली होती, तिरकीच राहिली होती. काचेखाली तेच मोठं होऊन पडलं होतं.

तिनं काच पुसली. पुन्हा पुन्हा पुसली. फ्रेम जागेवर ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

सांगायचं का, हा प्रश्न तिला पडलाच नाही. संध्याकाळी उजेडराव आले, फळीकडे एकदा बघून हसले, आणि ती मूग गिळून बसली. आत काहीतरी दुसऱ्यांदा गेलं होतं, ते तिनं एकटीनं सोसलं. पण या माणसाचं तोंड एवढ्या वर्षांनी उघडलंय, ते आपण कसं बंद करायचं?

काही दिवसांनी मात्र तेच गप्प झाले. फळीकडे बघेनासे झाले. ताटात अन्न राहायला लागलं. मिठाशिवाय जेवणारा माणूस मीठ असूनही जेवेना. लेक फोनवर म्हणाली, "बाबांना काय झालंय? मी बोलते तर हूं हूं करतात." ती म्हणाली, "काही नाही गं, दमलेत." पण काय झालंय ते तिला कळायला लागलं होतं.

एका सकाळी कामावर निघायच्या आधी ते टेबलाशी बसले. डबा भरून पुढे ठेवलेला. हातात तपकिरी पाकीट. पाकिटातून त्यांनी नवीन छापलेला कागद काढला.

"मी कड कापली होती," ते म्हणाले.

"कसली कड?"

"पहिल्यांदा स्कॅन केलं तेव्हा. पंखा तेवढा ठेवला आणि बाहेरची पांढरी कड कापून टाकली. म्हटलं, तिथं काय असणार? आणि रेघा फक्त बारीक चाळणीत होत्या. शेजारच्या चाळणीत बघायला पाहिजे होतं. नाही बघितलं." त्यांनी नवा कागद तिच्याकडे सरकवला. "आता सगळा कागद घेतला. रेघा पंख्याच्या बाहेर जातात. कडेवरसुद्धा आहेत. बाळ पंख्याच्या बाहेर जाऊ शकत नाही."

तिनं हात पुसले. पाकिटातून तिनं तो मूळचा छोटा कागद काढला आणि नेहमी धरायची तसा धरला. चार बोटं खाली, अंगठा वर. कडेवरून थोडा आत.

"मी इथं धरते," ती म्हणाली. मग अंगठा उचलून त्यांच्यापुढे केला. "आणि हा तुमचा हात. छातीवर आडवा."

उजेडराव त्या खुणेकडे बघत राहिले. रोजचा हात, रोजचा अंगठा.

"बरगड्या म्हणे!" ती म्हणाली. "लोकांच्या छात्या बघून बघून डोळे बिघडलेत तुमचे."

"तुला कधी कळलं?"

"काच पुसताना. झाले की बरेच दिवस."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात ना," ती म्हणाली. "पहिल्यांदाच बोलत होतात त्याच्याविषयी. मध्ये कशाला तोंड घालू?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"सगळ्या चाळण्या लावून बघितल्या," ते अगदी हळू म्हणाले. "बाळ काही उरलेलं नाही त्यावर. ढगसुद्धा नाही."

"हं," ती म्हणाली. ओट्याकडे वळून तिनं उगाच एक भांडं सरळ करून ठेवलं, मग पुन्हा वाकडं केलं. हे तिला ठाऊकच होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर ते पुरतं खरं झालं.

"ती फ्रेम काढू का?"

"कशाला? राहू दे." ती वळली. "एवढी वर्षं धरून बसले, त्याचं निदान तेवढं तरी दिसतंय. लेकीला मी सांगेन. ती हसेल आधी, आणि मग फोन ठेवून रडेल."

खात्यात त्यांनी तो कागद नेहमी हातमोजे घालून हाताळला होता, घरात तर कधी शिवलाही नव्हता. आता त्यांनी तिच्या हातातून तो घेतला. प्रकाशाकडे तिरका करून तिच्या अंगठ्याची जागा शोधली. आणि त्या जागेच्या शेजारी, ती न झाकता, आपला अंगठा टेकवला. दाबून धरला. फिल्म औषधात असताना पूर्वी धरायचे तसा, श्वास रोखून.

"अहो, हाताचं तेल लागेल!" ती म्हणाली.

त्यांनी तो तसाच धरून ठेवला. मग अंगठा उचलला, कागद पाकिटात सरकवला आणि पाकीट तिच्या हातात दिलं. चष्मा घातला. बूट घातले, डबा उचलला, आणि जिना उतरून गेले.